हाताला न लागणारी गाठ

ओमाण्णाची शीर बुजलीच नव्हती म्हणे.
निम्मीसुद्धा नाही.
मगदूम डॉक्टरीणबाईंनी त्याचा जुना कागद उजेडाकडं धरला,
"चाळीस टक्के," म्हणाल्या,
आणि मला कळेना
ह्या धीर देताहेत की काय करताहेत.

चाळीस टक्क्यांत माणूस जातो?
आमच्या वडगावात पोराटोरांना ठाऊक आहे,
शीर म्हणजे पाइप, चरबी म्हणजे गाळ,
गोळी म्हणजे गाळ उपसणारा गडी.

पाइप नव्हे हो, बाई म्हणाल्या.
आतून अस्तर असतं.
जिवंत. एका पेशीच्या जाडीचं.
रक्ताला म्हणतं, सरक पुढं.
शिरेला म्हणतं, सैल हो.

अस्तर म्हटल्यावर मी खुर्ची पुढं ओढली.
छत्तीस वर्षं माग चालवलेला माणूस मी,
कापडाचं कुणी बोललं की समजतं.

चरबी त्या अस्तराच्या मागं शिरते,
आत सूज धरते, राखेखालच्या निखाऱ्यागत धुमसते,
वर एक पापुद्रा बसतो.
पापुद्रा टिकला, तर माणूस म्हातारा होतो.
उसवला तर रक्त तिथंच गोठतं, वाट बंद,
काल उघडी होती तरी.
पुढं त्या बोलल्या नाहीत.

उसवला तर ओमाण्णा.
रविवारचा खासबागेचा बाजार,
हातात मेथीची जुडी,
सुटे पैसे अजून बाईकडंच.

मग माझी गोळी निघाली.
नावाच्या शेवटी स्टॅटिन.
गाळ फारसा उपसत नाही ती.
यकृताला सांगते, चरबी जरा कमी कात,
आणि रक्तात पडलेली वेचून घे.
सूज उतरवते.
पापुद्रा जाड करते,
आठवड्यात नव्हे,
महिने, वर्षं,
एक धागा, आणखी एक धागा.

मेडिकलवाला इराण्णा पाकिटावर पेनानं चंद्र काढतो,
"रात्रि ऊटा आदमेले," म्हणतो.
नाव इंग्रजी, सांगणं कानडी,
गिळतो मी मराठीत.

पहिल्या महिन्यात पोटऱ्या भरून आल्या.
अकरा दिवस बंद केली, कुणाला न सांगता.
शेवंतानं पट्टीतले न फुटलेले फुगे मोजले
आणि दवाखान्यात माझ्यादेखत सांगून टाकलं.
बाई रागावल्या नाहीत.
रक्त तपासलं, गोळी बदलली,
म्हणाल्या, छत्तीस वर्षं उभ्या आहेत ह्या पोटऱ्या,
सगळा आळ गोळीवर कशाला?

मंगाईच्या जत्रेला एकच ताट.
रस्सा वरचा तवंग काढून.
भावकीत हसतात, हसू देत.

एकशे बहात्तरचे एक्याऐंशी झाले.
शेवंता विचारते, पण बरं वाटतंय काय?
काय सांगू.
आधी काही दुखत नव्हतं,
आता काही दुखत नाही.
लागू पडलं तर काय होणार?
काही होणार नाही.
त्यासाठीच घ्यायची.

रविवारी खासबागेत जातो.
मेथी घेतो. सुटे परत घेतो,
मोजून घेतो.
पिंपळापर्यंत चालतो, तिथून घरी.
काही होत नाही.

मागावर सूत तुटलं
की खटका पाडायचा, खडखडाट थांबतो,
कान एकदम रिकामे.
दोन टोकं चिमटीत, बोट ओलं करून
पीळ, गाठ, पुन्हा खटका.
ती साडी नेसून कुणी लग्नात मिरवते,
तिला कधीच कळत नाही
कुठं तुटलं होतं.
चांगली गाठ हाताला लागत नाही.

ओमाण्णा माझ्यापेक्षा बारीक मारायचा.